शिखरातले शिखर, भिंतीतले पोलाद

अमेरिकेतील जुन्या गगनचुंबी इमारतींमध्ये दडवलेल्या गोष्टींविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत गुप्त खोल्या, बंद मजले आणि चोरदरवाजे यांची चौकशी आहे. त्या कुतूहलाचा अनादर न करता सांगावेसे वाटते की, अशा इमारतींतील गुप्त खोल्या बहुधा सामानाच्या खोल्या निघतात. खरोखर पाहण्याजोगे जे दडलेले असते, ते वारा, माती, कायदा, पैसा किंवा एखाद्या माणसाची ईर्ष्या यांच्यामुळे दडलेले असते. म्हणून उत्तरासाठी त्या दिशेने जाणारे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा सुळका बांधकाम चालू असताना इमारतीच्या पोटातच लपवून ठेवला होता, असे वाचनात आले. एवढी मोठी वस्तू भर शहरात लपते कशी, आणि लपवण्याचे कारण काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: वाचलेले खरे आहे. 1929 साली न्यूयॉर्कमध्ये दोन इमारती जगातील सर्वांत उंच इमारतीचा मान मिळवण्यासाठी एकाच वेळी चढत होत्या. एक म्हणजे मोटारींचे कारखानदार वॉल्टर क्रायस्लर यांची इमारत, जिचे वास्तुरचनाकार विल्यम व्हॅन ॲलन होते, आणि दुसरी म्हणजे वॉल स्ट्रीटवरील 40 क्रमांकाची बँकेची इमारत, जिचे वास्तुरचनाकार क्रेग सेव्हरन्स होते. हे दोघे पूर्वी व्यवसायात भागीदार होते आणि त्यांचे फाटले होते, त्यामुळे या चढाओढीला धंद्याबरोबरच जुन्या भांडणाचीही धार होती. क्रायस्लर बिल्डिंगची जाहीर झालेली उंची लक्षात घेऊन सेव्हरन्स यांनी आपल्या इमारतीची उंची 927 फुटांपर्यंत नेली आणि आपण जिंकलो असे त्यांच्या पक्षाने गृहीत धरले.

इकडे व्हॅन ॲलन यांनी 185 फूट उंचीचा, सुमारे 27 टन वजनाचा पोलादी सुळका तयार करवून घेतला होता. तो अखंड वर नेणे शक्यच नव्हते. त्याचे सुटे भाग इतर पोलादाबरोबर वर चढवण्यात आले आणि शिखराच्या सांगाड्याच्या मधल्या पोकळीत त्यांची जुळणी झाली. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत रोज शेकडो टन पोलाद वर जात असते, त्यामुळे त्यातले चार तुकडे कशासाठी आहेत हे रस्त्यावरून मान वर करून पाहणाऱ्याला कळण्याचा संभवच नव्हता. लपण्याचे रहस्य एवढेच आहे. 23 ऑक्टोबर 1929 रोजी हा सुळका शिखराच्या तोंडातून वर उचलण्यात आला आणि साधारण दीड तासात जागेवर पक्का करण्यात आला. इमारतीची उंची त्यामुळे 1,046 फूट, म्हणजे 319 मीटर झाली आणि सेव्हरन्स यांच्या इमारतीबरोबर पॅरिसचा आयफेल टॉवरही मागे पडला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ऐतिहासिक पडझड सुरू झाली, तेव्हा सुळक्याकडे पाहायला कोणाला सवड असणार होती!

या सुळक्यात एकही खोली नाही आणि त्याचा उंचीखेरीज दुसरा उपयोगही नव्हता. तरीही तो उपरा वाटत नाही, कारण खालच्या एकावर एक चढत जाणाऱ्या कमानींची रेषा त्याच्यात सहज मिसळते. सेव्हरन्स यांच्या इमारतीच्या टोकाशी तुलना करून पाहिल्यास हा फरक कोणाच्याही ध्यानात येईल. या विजयाचे सुख मात्र व्हॅन ॲलन यांना फार काळ लाभले नाही. बांधकामखर्चाच्या 6 टक्के हे त्यांचे मानधन क्रायस्लर यांनी अडवले आणि कंत्राटदारांकडून पैसे खाल्ल्याचा आरोपही केला. व्हॅन ॲलन न्यायालयात गेले आणि पैसे वसूल करून आले, पण त्यानंतर त्यांच्याकडे मोठे काम असे फारसे आलेच नाही.

शिखरातील त्रिकोणी खिडक्यांबद्दलही याच पत्रात विचारले आहे. त्या खिडक्यांच्या कडांनी दिवे लावण्याची कल्पना मूळ आराखड्यातच होती, परंतु ती प्रत्यक्षात यायला 1981 साल उजाडले. आज रात्री दिसणारे चमचमते शिखर हे पन्नास वर्षे कागदावर पडून राहिलेले काम आहे. शिखराच्या खालच्या भागात 66 ते 68 या मजल्यांवर धनिकांचा ‘क्लाउड क्लब’ होता, तो 1979 मध्ये बंद पडला. 71व्या मजल्यावरची प्रेक्षकांची गच्ची तर 1945 मध्येच बंद झाली होती.

प्रश्न: एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर हवाई जहाजे बांधण्याची सोय होती म्हणतात. ती कधी वापरली गेली का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: सोय होती, वापर झाला नाही म्हटले तरी चालेल. क्रायस्लर बिल्डिंगच्या सुळक्याने धडा घेतलेल्या एम्पायर स्टेटच्या प्रवर्तकांनी 1929 च्या डिसेंबरात 200 फुटांचा जादा मनोरा जाहीर केला आणि त्याला वायुपोत, म्हणजे हलक्या वायूने भरलेले तरंगते हवाई जहाज, बांधण्याचा खांब असे गोंडस कारण जोडले. कल्पना अशी होती की, अटलांटिक ओलांडून आलेल्या वायुपोताचे नाक या खांबाला अडकवायचे आणि प्रवाशांनी एका अरुंद फळीवरून 102व्या मजल्याच्या आसपास उतरून लिफ्टने शहरात यायचे. वायुपोत जमिनीवर बांधताना त्याचे शेपूटही दोरांनी आवळलेले असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या योजनेतील खोट लगेच दिसेल. हजार फुटांवर नाक बांधलेले आणि शेपूट मोकळे, त्यात उंच इमारतीला आपटून वर उसळणारा वारा. सप्टेंबर 1931 मध्ये एक लहान वायुपोत जेमतेम तीन मिनिटे तेथे अडकवला गेला, आणि तेवढ्यावरच हा अध्याय संपला. उंची वाढवण्यासाठी सबब हवी होती, ती मिळाली, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस दिसतो. मनोरा पुढे दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी मात्र उत्तम उपयोगी पडला.

याच इमारतीतील याहून बुद्धिमान गोष्ट सहसा कोणी दाखवत नाही. बाहेरच्या भिंतीवर चुनखडीच्या दगडाचे पट्टे आणि खिडक्यांचे उभे पट्टे शेजारीशेजारी चढत जातात आणि दोहोंच्या मध्ये चकचकीत धातूची अरुंद उभी पट्टी असते. ती शोभेसाठी आहे असे वाटते. वास्तविक ती दगडाची कड झाकते. कड झाकली जाणार असल्यामुळे दगड खाणीतून येतानाच ठरावीक मापाचा कापून आणता आला आणि जागेवर त्याच्या कडा घासूनपुसून खिडकीशी जुळवण्याचे गवंडीकाम वाचले. हजारो खिडक्यांच्या बाबतीत अशी बचत झाली की तिचे महिने होतात. इमारत सुमारे 410 दिवसांत उभी राहिली, त्यामागे जी अनेक कारणे आहेत त्यांत या पट्टीचा वाटा आहे.

तळमजल्यावरच्या लॉबीचे छत हीसुद्धा एक दडलेली गोष्ट होती, फक्त ती नंतरच्या लोकांनी दडवली. सोन्याचा आणि ॲल्युमिनियमचा वर्ख वापरून केलेली मूळची चित्रे 1960 च्या दशकात खोट्या छताखाली आणि ट्यूबलाइटखाली गाडली गेली होती. 2009 मध्ये ती नव्याने साकारण्यात आली.

प्रश्न: मी स्थापत्य अभियंता आहे. पोलादी सांगाडा येण्यापूर्वी भारवाही भिंतींवर जास्तीत जास्त किती मजले चढवले गेले, आणि अशा इमारतीच्या पायात काय दडलेले असते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: शिकागोची मोनॅडनॉक इमारत तुमच्या प्रश्नासाठीच बांधल्यासारखी आहे. जॉन रूट यांनी आखलेला तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग 1891 साली पूर्ण झाला. 16 मजले, आणि बाहेरच्या भिंती सगळ्या विटांच्या. वरचा भार पेलण्यासाठी तळाशी या भिंतींची जाडी 6 फूट, म्हणजे सुमारे 1.8 मीटर ठेवावी लागली. रस्त्याच्या दर्शनी, सर्वाधिक भाड्याच्या मजल्यावर सहा फूट जागा भिंतीने खायची, हे मालकाला परवडणारे गणित नव्हते. तेथून दोनच वर्षांनी, 1893 मध्ये, याच इमारतीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग दुसऱ्या वास्तुरचनाकारांनी पोलादी सांगाड्यावर उभा केला. एकाच इमारतीत जुनी आणि नवी पद्धत खेटून उभी असलेली पाहायची तर हिच्यासारखी दुसरी जागा नाही.

भिंती विटांच्या असल्या तरी उत्तरेकडच्या भागातही लोखंड आहे. वाऱ्याच्या आडव्या जोराला तोंड देण्यासाठी रूट यांनी आत चौकटीसारखी धातूची जोडणी घातली, आणि वाऱ्याविरुद्धच्या अशा बांधणीच्या अमेरिकेतील आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. ती विटांच्या आड आहे.

पायाचे म्हणाल तर शिकागोची जमीन मऊ चिकणमातीची आहे आणि कठीण खडक फार खोल आहे. त्या काळी तेथे पोलादी पट्ट्या आडव्याउभ्या रचून त्यात काँक्रीट भरत आणि तो रुंद तराफा चिकणमातीवर पसरत, म्हणजे भार पसरून जाई. इमारत खचणार हे गृहीतच धरलेले होते. मोनॅडनॉक सुमारे 8 इंच खचेल असा अंदाज होता. ती पुढे 20 इंचांपर्यंत खचली, पण बऱ्यापैकी एकसारखी खचली म्हणून आजही वापरात आहे. खचण्याचा अंदाज चुकला तरी चालते, असमान खचणे मात्र इमारतीला परवडत नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको.

प्रश्न: वूलवर्थ बिल्डिंगच्या लॉबीत मालकाची थट्टा करणारे शिल्प आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आहे. फ्रँक वूलवर्थ यांचा व्यवसाय पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांचा होता, आणि न्यूयॉर्कमधील ही 57 मजल्यांची इमारत त्यांनी सुमारे 1 कोटी 35 लाख डॉलर रोख मोजून 1913 मध्ये उभी केली. लॉबीतल्या कमानींखालच्या लहान आकृत्यांत म्हातारे वूलवर्थ नाणी मोजत बसलेले दिसतात आणि वास्तुरचनाकार कॅस गिल्बर्ट इमारतीचा नमुना कवटाळून उभे दिसतात. मालकाला ही थट्टा मानवली म्हणायची.

या इमारतीत लपलेली मोठी गोष्ट मात्र तिच्या अंगावरच आहे. जे गॉथिक धाटणीचे दगडी कोरीवकाम वाटते, ते बव्हंशी दगड नसून भाजलेली आणि चकाकी दिलेली माती, म्हणजे टेराकोटा आहे, आणि त्याचे तुकडे आतल्या पोलादाला लोखंडी आकड्यांनी टांगलेले आहेत. सांध्यांतून पाणी झिरपले की आकडे गंजतात, फुगतात आणि माती तडकते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दुरुस्तीत असे सुमारे 26,000 तुकडे बदलावे लागले आणि त्यांपैकी अनेकांच्या जागी काँक्रीटचे तुकडे बसवले गेले. खालून पाहणाऱ्याला काहीही कळत नाही.

प्रश्न: सीग्राम बिल्डिंगला ‘प्रामाणिक’ वास्तू का म्हणतात? (एक वाचिका, पणजी)

उत्तर: म्हणतात, पण जपून म्हणावे. 1958 साली पूर्ण झालेल्या या 38 मजली इमारतीचे वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहे यांची ख्याती ‘सांगाडा लपवू नये’ या आग्रहाबद्दल होती. अमेरिकेतील अग्निसुरक्षेचे नियम मात्र पोलादाला काँक्रीटच्या आच्छादनात गुंडाळायला लावतात, कारण आगीत उघडे पोलाद लवकर मऊ पडते. तेव्हा खरे पोलाद काँक्रीटआड गेले आणि मीस यांनी बाहेरून खिडक्यांमध्ये कांस्याचे उभे बीम लावले, जे इमारतीचा भार मुळीच पेलत नाहीत. आत दडलेल्या सांगाड्याची ती बाहेर टांगलेली प्रतिमा आहे. देखणे आहे यात शंका नाही. प्रामाणिक म्हणायचे की अलंकार, हे आमच्या मते ज्याने त्याने ठरवावे.

प्रश्न: शिकागोच्या ट्रिब्यून टॉवरमध्ये ताजमहालाचा दगड आहे हे खरे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: बाहेरच्या भिंतीच्या खालच्या भागात तसा तुकडा बसवलेला आहे आणि त्याखाली नावही कोरलेले आहे. 1925 साली पूर्ण झालेल्या या इमारतीचे मालक, ‘शिकागो ट्रिब्यून’चे प्रकाशक रॉबर्ट मॅकॉर्मिक यांनी जगभरच्या आपल्या वार्ताहरांना प्रसिद्ध वास्तूंचे तुकडे पाठवायला सांगितले होते. अथेन्सचे पार्थेनॉन, चीनची भिंत अशा ठिकाणचे शंभराहून अधिक तुकडे तेथे आहेत. ते कोणाच्या परवानगीने काढले, हा प्रश्न त्या काळच्या श्रीमंतांना फारसा पडत नसे. इमारतीच्या माथ्यावरील तिरप्या कमानी मध्ययुगीन चर्चच्या भिंतींना टेकू देणाऱ्या कमानींसारख्या दिसतात, परंतु येथे त्या कशालाही टेकू देत नाहीत. भार सगळा आतल्या पोलादावर आहे.

प्रश्न: न्यूयॉर्कमध्ये एक उत्तुंग इमारत लोकांच्या नकळत रात्री-रात्री वेल्डिंग करून वाचवली, ही कहाणी कितपत विश्वसनीय आहे? मुलीकडे न्यू जर्सीला जाणे होते, तेव्हा ती इमारत पाहावी असे मनात आहे. (एक वाचिका, पुणे)

उत्तर: मूळ घटना खरी आहे, आणि ती समजून घ्यायची तर इमारतीच्या खांबांपासून सुरुवात करावी लागेल. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील ही 59 मजली इमारत 1977 मध्ये सिटीकॉर्प सेंटर या नावाने उघडली. जागेच्या एका कोपऱ्यात सेंट पीटर्स हे चर्च होते आणि चर्चने जमीन विकताना तोच कोपरा आपल्या नव्या, स्वतंत्र इमारतीसाठी राखून ठेवला. कोपऱ्यात खांब घेता येईना. तेव्हा अभियंते विल्यम लेमेझुरिए यांनी चार प्रचंड खांब चारही बाजूंच्या मध्यावर घेतले, नऊ मजली उंचीचे, आणि सगळे कोपरे अधांतरी ठेवले. वरचा भार या मधल्या खांबांपर्यंत आणण्यासाठी दर्शनी भिंतींच्या आड इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे तिरपे पोलादी दांडे आहेत, एकेक आठ मजले उंच. बाहेरून ॲल्युमिनियम आणि काच यांच्या आड ते पूर्ण झाकलेले आहेत. इमारत हलकी असल्यामुळे ती वाऱ्यात डोलू नये म्हणून माथ्यावर 400 टन वजनाचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर तरंगत ठेवलेला आहे; इमारत एकीकडे झुकली की तो मागे रेंगाळतो आणि डोलणे बरेच कमी करतो.

1978 च्या उन्हाळ्यात लेमेझुरिए यांना दोन गोष्टी एकत्र दिसल्या. तिरप्या दांड्यांचे सांधे आराखड्यात पूर्ण वेल्डिंगचे होते, पण खर्च वाचवण्यासाठी ते बोल्टचे करण्यात आले होते आणि त्याला त्यांच्याच कचेरीने मान्यता दिली होती. दुसरे असे की, वारा भिंतीवर सरळ येण्याऐवजी कोपऱ्यावर तिरपा आला तर काही दांड्यांतील ताण 40 टक्क्यांनी आणि काही सांध्यांवरचा भार 160 टक्क्यांनी वाढतो, असे त्यांच्या गणितातून निघाले. ठोकळा चालू असेपर्यंत धोका आटोक्यात होता. परंतु तो विजेवर चालतो, आणि मोठ्या वादळात आधी वीजच जाते.

त्यांनी हे मालकांना सांगितले, आणि ऑगस्टपासून रोज संध्याकाळी कर्मचारी घरी गेल्यावर आतल्या भिंतीचे प्लास्टरबोर्ड उघडून दोनशेहून अधिक सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. सकाळी कर्मचारी येण्यापूर्वी सगळे आवरून ठेवले जाई. सप्टेंबरच्या आरंभी एला नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याच्या रोखाने आले, तेव्हा परिसर रिकामा करण्याची योजनाही तयार होती. वादळ समुद्राकडे वळले आणि तिची गरज पडली नाही. शहरातील मोठ्या वृत्तपत्रांचा त्या वेळी संप चालू होता, त्यामुळे बातमीही फुटली नाही. सर्वसामान्यांना हे सारे 1995 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी कळले.

या कहाणीत अभियंत्याच्या सचोटीचे कौतुक नेहमी केले जाते, आणि स्वतःची चूक स्वतःहून मान्य करणे सोपे नव्हते हे खरेच आहे. परंतु त्या इमारतीत आणि भोवतालच्या रस्त्यांवर वावरणाऱ्या हजारो लोकांना आपल्या जिवाची जोखीम जाणून घेण्याचा अधिकार होता, आणि तो त्यांना कोणीही दिला नाही. ही बाजू आम्हांस कौतुकाइतकीच महत्त्वाची वाटते. अलीकडच्या काळात काही संशोधकांनी नव्या पद्धतीने गणित करून तिरप्या वाऱ्याचा धोका मूळ समजुतीइतका मोठा नव्हता असेही मांडले आहे, तेव्हा ‘इमारत कोसळणारच होती’ असे ठामपणे कोणी सांगितले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

तुम्ही जाल तेव्हा इमारतीचे नाव 601 लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू असे आढळेल. तिरपे दांडे आणि वेल्ड केलेल्या पट्ट्या रस्त्यावरून दिसणार नाहीत. खांब मात्र दिसतात; चर्चच्या बाजूला उभे राहून अधांतरी कोपऱ्याखालून वर पाहिल्यास खांब मध्यावर का आहेत हे चर्चकडे बघूनच उलगडते. माथ्याचा 45 अंशांचा दक्षिणाभिमुख उतारही लक्ष वेधून घेईल. तेथे सौर ऊर्जेची तावदाने बसवण्याचा विचार होता, तो प्रत्यक्षात आला नाही आणि उतार तसाच राहिला.